रुमालाखालचे हात

खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, आबा मला घेऊन गेले होते. एका पांढऱ्या खोंडापाशी ते थांबले. दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, चार पावलं चालवून बघितला. मग त्यांनी आणि हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, एकमेकांचा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला. पुढची पाच-सात मिनिटं दोघांपैकी कुणी तोंडातून चकार शब्द काढला नाही. रुमाल तेवढा मधूनमधून हलायचा. हेडी मान हलवायचा, आबा हात सोडवून घेतल्यासारखं करायचे, पुन्हा धरायचे. कुठलं बोट म्हणजे हजार आणि किती पेरं म्हणजे शेकडा, ते त्या दोन हातांनाच ठाऊक. सौदा काही जमला नाही. परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "आबा, कितीला मागितला?" आबा म्हणाले, "हातातलं हातात ऱ्हायलं. आता त्याचं काय!"

या पद्धतीला हत्ता म्हणतात. व्यापाराच्या दृष्टीनं ती बरी की वाईट हा वेगळा विषय. मला त्यातली एक गोष्ट अजून बोचते. दोन हातांत झालेलं बोलणं तिसऱ्याला कळत नाही, आणि हात सुटले की ते संपतं. एका सबंध समाजाची भाषा आजही अशी रुमालाखाली आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली ५० लाखांहून अधिक माणसं नोंदली गेली. त्यांच्यातले जे हातांनी बोलतात त्यांच्या भाषेला व्याकरण आहे, विनोद आहे, शिव्याही आहेत. आपल्याकडे रोजच्या वापरातली लिपी मात्र नाही.

प्राचीन चिनी लिपीच्या धर्तीवर, माणसाच्या शरीरावरून एक नवी लिपी घडवावी, ही कल्पना चित्रकारांच्या आणि भाषेत रमणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात अधूनमधून येते. मी चित्रकलेचा शिक्षक आहे, माझ्याही वहीत असे प्रयत्न आहेत. लोक त्याकडे हौस म्हणून बघतात. मला ती गरज वाटते, पण ती आपण चुकीच्या हातांत देतोय. आमच्यासारख्या ऐकू येणाऱ्यांनी टेबलावर बसून शरीराची लिपी केली, तर फार तर भिंतीवर टांगायला एक छान चौकट मिळेल. ज्यांचं बोलणंच हातांत, चेहऱ्यावर, खांद्यात आहे, त्या कर्णबधिर मुलांनी आणि मोठ्यांनी ती करायला हवी. आपण कागद, पेन्सिल आणि वेळ द्यायचा.

आधी चिन्यांनी काय केलं ते बघू. १८९९ साली वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, असं सांगतात, की औषधवाल्याकडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून कुटून विकल्या जाणाऱ्या हाडांवर अक्षरं कोरलेली आहेत. ती बैलांच्या खांद्याची हाडं आणि कासवांच्या पोटाकडची कवचं होती. हेनान प्रांतातल्या आन्यांगजवळची, शांग राजांच्या काळातली, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षं जुनी. पाऊस पडेल का, स्वारीवर जावं का, असा प्रश्न राजाला पडला की हाड तापवायचे. त्याला तडे जायचे, तड्यांवरून उत्तर काढायचे आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे. आपल्याकडं देवाला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. त्यांनी तो लिहून ठेवला एवढंच.

या हाडांवरची चिन्हं मी पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा वाटलं, लिहिणारा स्वतःच्या अंगाकडं बघत बघत लिहितोय. माणूस म्हणजे बाजूनं दिसणारी उभी आकृती, दोनच रेघांची. तोच समोर तोंड करून हात-पाय पसरून उभा राहिला की 'मोठा'. त्याच्या पायाखाली जमिनीची रेघ आली की 'उभं राहणं'. एकामागं एक दोन माणसं म्हणजे 'मागोमाग जाणं'. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे 'विसावा'. आणि मला सर्वांत आवडणारी जोडी: शेजारी टेकाड आणि दोन पावलं. पावलांची बोटं वर असतील तर चढणं, खाली असतील तर उतरणं. रेघ जागची हलत नाही, तिच्यात हालचाल कशी पकडायची हा अवघड प्रश्न त्यांनी पावलाच्या बोटांनी सोडवला. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला यापुढं हात जोडावेसे वाटतात. पुढं इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन यांनी ९,३५३ अक्षरांचा कोश केला. त्याच्या प्रस्तावनेत एक जुनं वचन येतं, त्याचा अर्थ असा: जवळचं घेतलं ते अंगावरून, लांबचं घेतलं ते वस्तूंवरून.

माझी भाची जन्मापासून ऐकत नाही. आता तेरा वर्षांची आहे. तिच्या भाषेत माझं नाव असं: अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासून, बोटांची टोकं खाली करून, खडूची धूळ झाडायची. एका रविवारी मी तिच्यासमोर ही चिन्हं अर्थ न सांगता एकेक करून काढली. झाडाला टेकलेला माणूस बघून तिनं तळव्यावर गाल टेकवला. टेकाड आणि पावलं बघितल्यावर उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चालवत नेली. एकदम बरोबर. मग मी एकमेकांना पाठ लावून उभी असलेली दोन माणसं काढली. तिनं लगेच करंगळी दाखवली: कट्टी! त्यानंतर कान आणि त्याला धरलेला हात. तिनं स्वतःच्या कानाची पाळी धरली आणि मान खाली घातली: चुकलं, माफ कर.

चिनी लिपीत पाठीला पाठ लावलेली ती दोन माणसं म्हणजे 'उत्तर दिशा'. मुळात त्या चिन्हाचा अर्थ पाठ असाच होता. पण राजा दक्षिणेकडं तोंड करून बसायचा, त्याची पाठ उत्तरेला, म्हणून तेच चिन्ह उत्तरेसाठी रूढ झालं आणि पाठीसाठी त्याला मांसाची खूण जोडून वेगळं अक्षर करावं लागलं. आपल्याकडं 'दक्षिण' म्हणजे उजवा, कारण आपले पूर्वज उगवतीकडं तोंड करून उभे राहायचे. दोघांनीही दिशा अंगावरूनच ठरवल्या, पण उभे राहिले वेगवेगळ्या तोंडानं. कान आणि हात मिळून तिकडं 'घेणं' होतं, कारण लढाईत मारलेल्या शत्रूचा कान कापून आणायचे. आपल्याकडं कान धरतात तो चुकल्यावर. 'स्वतः' या अर्थाचं त्यांचं अक्षर म्हणजे नाकाचं चित्र; 'मी' म्हणताना तिकडं नाकाकडं बोट जातं. आपण छातीला हात लावतो, आणि नाक आपल्याकडं अब्रूचं असतं, ते कापलं जातं.

म्हणून 'शरीर सगळ्यांचं सारखं, तेव्हा शरीरलिपी जगात कुणालाही वाचता येईल' हे म्हणणं मला पटत नाही. शरीर सारखं आहे, त्याचे अर्थ गावागणिक वेगळे आहेत. कट्टी की उत्तर, हे चित्र सांगत नाही. एकत्र राहणारी माणसं ते आपसांत ठरवतात.

चिनी लिपीतली आणखी एक गोष्ट हौशी मंडळी विसरतात. आजच्या चिनी अक्षरांपैकी ८० टक्क्यांहून अधिक अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. निव्वळ चित्रांवर ती लिपी राहिली असती तर माणूस, झाड, टेकाड यांच्या पुढं गेली नसती. बोलण्याला धरून राहिली म्हणून ती वाढली. मग हातांच्या भाषेत 'उच्चार' कशाला म्हणायचं? याचं उत्तर १९६० साली विल्यम स्टोकी यांनी दिलं. वॉशिंग्टनला कर्णबधिरांच्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवायचे. खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं नव्हेत, प्रत्येक खुणेचे सुटे भाग पाडता येतात, असं त्यांनी दाखवलं. हाताचा आकार, अंगावरची जागा, हालचाल. पुढं त्यात तळव्याची दिशा आणि चेहराही आले. आपल्या क, ख, ग सारखेच हे सुटे घटक आहेत.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून माझ्याच नावाकडं येतो. पैसे दाखवताना आपण अंगठा बोटांवर घासतो. भाचीच्या भाषेत माझं नावही जवळजवळ तसंच आहे, फक्त बोटांची टोकं खाली. म्हणजे तिच्या भाषेत 'मामा' आणि 'पैसे' यांचं यमक जुळतं! जत्रेच्या दिवशी ती मला हाक मारता मारता बोटं वर करते आणि हसते, तेव्हा ती कोटी करत असते. आता मी चिनी पद्धतीनं मामासाठी खडू काढला आणि पैशासाठी नाणं काढलं, तर ते यमक मेलं. तिची भाषा लिहिली असं म्हणताच येणार नाही, मी तिचा मराठी अर्थ चितारला एवढंच. लिपी हवी ती हाताचा तो आकार, ती जागा, ते घासणं आणि टोकांची ती दिशा लिहिणारी. चिन्यांकडून आकार उसने घ्यायचे नाहीत. मोजक्या रेघा, एका चौकटीत दोन-तीन भागांची मांडणी आणि पावलाच्या बोटांनी दिशा दाखवण्याची ती युक्ती एवढं घ्यायचं.

खरं तर ऐकू येणाऱ्यांकडं शरीरलिपी आधीपासून आहे. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा. क कंठात, च टाळूला, ट मूर्धेला, त दातांना, प ओठांवर. घशापासून ओठांपर्यंत ओळीनं बाहेर येणारी. कोरियाच्या सेजोंग राजानं १४४६ साली जी २८ अक्षरांची लिपी जाहीर केली, तिच्यात व्यंजनांचे मूळ आकारच जीभ, दात, ओठ, घसा यांच्यावरून घेतलेत. ती दोन्ही कामं मी थोर मानतो. पण याच वाटेवर एक दुःखाची जागाही आहे. १८६७ साली अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी अशीच एक लिपी प्रसिद्ध केली, जिभेच्या आणि ओठांच्या ठेवणीवरून अक्षरं. ती कर्णबधिर मुलांना तोंडानं बोलायला शिकवण्यासाठी वापरली गेली. १८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं ठराव केला की या मुलांना तोंडी पद्धतीनंच शिकवावं. त्यानंतर देशोदेशी वर्गांतून हातांची भाषा हद्दपार झाली. त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत.

आमच्याकडं तो काळ अजून पुरता सरलेला नाही. भाचीच्या पहिल्या शाळेत तिला हात मागं बांधून बसायला सांगायचे, बोलायची सवय लागावी म्हणून. सांगणाऱ्या बाई मनानं वाईट नव्हत्या. पण घरी आल्यावर पोर तासभर कुणाशी काही बोलायची नाही, हात मांड्यांखाली दाबून बसायची. ते आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

तिची मराठीची वही माझ्यासमोर आहे. एक वाक्य: "काल बाजार आई मी भाजी घेणे झालं." शेजारी लाल शाईत फुली. मराठीच्या हिशोबानं वाक्य चुकलंय, मान्य. पण भारतीय सांकेतिक भाषेच्या हिशोबानं बघा. काळ आधी, क्रिया शेवटी, आणि ती पूर्ण झाल्याची खूण सर्वांत शेवटी. तिनं आपल्या भाषेतलं नेटकं वाक्य मराठी शब्दांत बसवलं आणि तिला शून्य मिळालं. त्याच वहीच्या समासात तिनं पेन्सिलनं बारीक हात काढलेत, काहींच्या बोटांपाशी बाण. कुणी शिकवलं नव्हतं. चिनी लिपीच्या धर्तीवर लिपी घडवायला निघालेल्या मंडळींनी आधी हा समास बघावा, असं मला कळकळीनं वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो: त्या मुलांना मराठीच नीट शिकवा, आणखी एक ओझं कशाला? मराठी शिकवायलाच हवी. नोकरीचा अर्ज, दवाखान्याचा कागद, सातबारा, सगळं मराठीत आहे. पण आपण स्वतः परकी भाषा कशी शिकलो? आपलं वाक्य एका ओळीत आणि तिकडचं वाक्य खालच्या ओळीत लिहून. या मुलांना वरची ओळच लिहिता येत नाही. दोन भाषांमधला फरक दाखवायचा कशावर?

दुसरा आक्षेप मोबाईलचा. आता चित्रफीत काढता येते, लिहायचं कशाला? भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था सुरू झाली, तिच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले, तेही चित्रफितींत. मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही ही भाषा देशभर प्रमाणित करायचं मान्य केलंय. पण चित्रफितीत खाडाखोड करता येत नाही. अर्धं वाक्य लिहून, थांबून, खिडकीबाहेर बघून, परत येऊन शब्द बदलता येत नाही. विचार करण्याचं निम्मं काम त्या खाडाखोडीत होतं, हे लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय फितीत चेहरा दिसतो. एखाद्या मुलीला नाव न सांगता तक्रार करायची असेल तर?

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: अशी लिपी आधीच आहे. व्हॅलरी सटन यांनी १९७४ साली डेन्मार्कमध्ये, स्वतःच्या नृत्यलेखनाच्या पद्धतीवरून, हातांची भाषा लिहिण्याची पद्धत काढली आणि ती अनेक देशांत वापरली जाते. मग नवीन कशाला? मी म्हणतो, तिच्यापासूनच सुरुवात करावी. आमच्या मुलांपुढं ती ठेवावी, त्यांना जमेल ते घेऊ द्यावं, न जमेल ते मोडू द्यावं. नवी लिपी काढल्याचा मान कुणाला मिळतो याला काडीचं महत्त्व नाही.

आणि मानाचं काय होतं त्याचं एक उदाहरण याच विषयात आहे. चार्ल्स ब्लिस हा ऑस्ट्रियाचा ज्यू माणूस नाझींच्या छळछावणीतून सुटून शांघायला पोचला. तिथं चिनी अक्षरं शिकताना त्याच्या ध्यानात आलं की दुकानांवरच्या पाट्या आपण चिनीत नाही, आपल्याच भाषेत वाचतोय. त्यावरून त्यानं जगातल्या सगळ्यांसाठी म्हणून एक चिन्हलिपी केली, १९४९ साली छापली. जगानं ढुंकून बघितलं नाही. १९७१ मध्ये टोरोंटोच्या एका केंद्रातल्या शिक्षकांनी ती बोलता न येणाऱ्या, मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांना दिली आणि ती मुलं त्या चिन्हांवर बोट ठेवून घडाघडा बोलायला लागली. किती मोठा आनंद! पण मुलांच्या सोयीसाठी शिक्षकांनी चिन्हांत बदल केले तसा ब्लिस बिथरला. आपली चिन्हं कुणी हलवायची नाहीत म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत राहिला. मला त्या माणसाबद्दल राग नाही, कणव आहे. छळछावणीतून आलेल्या माणसाला वाटत होतं की आपल्या चिन्हांनी युद्धं थांबतील. त्याच्या लिपीनं जे खरं काम केलं, ते ती त्याच्या हातातून सुटल्यावर.

सांगलीत हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्यांना मी पुराची आठवण देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. ताईचं घर गावभागात. रात्री रिक्षा भोंगा लावून फिरत होती, फुटांचे आकडे सांगत. आकडे ऐकून ऐकू येणाऱ्यांनाही नीट उमगत नव्हतं की आपल्या दारात किती येणार. लोक एकमेकांना सांगत होते ते अंगावरूनच: कोपऱ्यावर गुडघाभर, पलीकडं कंबरभर, मारुतीपाशी छातीला लागलंय. भाची तेव्हा लहान होती. भोंगा तिला ऐकू येत नव्हता. समोरच्या काकांनी गल्लीतून येताना आडवा तळवा छातीला लावला आणि वर-वर नेला, तो तिनं गॅलरीतून बघितला आणि आईचा पदर ओढला. ताई सांगते, "मला भोंग्यानं नाही, माझ्या लेकीनं उठवलं."

मग गल्लीच्या तोंडाशी खांबांवर फुटांच्या आकड्याशेजारी माणसाची आकृती आणि तिच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला आडवी रेघ का काढू नये? पुलावर इतके फूट म्हणजे या कोपऱ्यावर कंबर. लहान पोराला, म्हातारीला, परगावच्या मजुराला, कर्णबधिराला, सगळ्यांना वाचता येईल. शरीरलिपीचं हे पहिलं सार्वजनिक वाक्य ठरेल. त्याला फार पैसा लागत नाही. रंगाचे डबे लागतील, आणि गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवणारी माणसं. ती भरपूर आहेत.

शाळांसाठी माझं मागणं लहान आहे. सांगली, मिरज, सातारा इथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळांनी आठवड्यातून एक तास द्यावा. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. शिकवायला ऐकू न येणारा मोठा माणूस असावा, ज्याच्या हातांत ही भाषा मुरलेली आहे. चित्रकला शिक्षकानं बाजूला बसावं, रेघ कशी कमी करायची तेवढं विचारलं तर सांगावं. त्या तासाला गुण नकोत, परीक्षा नको, लाल शाई तर अजिबात नको.

माझ्या घरी दोन महिने हे चाललंय. भाची आणि तिची तासगावची मैत्रीण रविवारी बसतात. 'पूर' हा शब्द कसा लिहायचा यावर त्यांचं जमत नाही. भाची चौकटीत एक धड काढते आणि छातीपाशी आडवा हात, बोटांवर वर जाणारा बाण. मैत्रिणीच्या गावात पाणी आलं नव्हतं. ती धड काढतच नाही, दोन तळवे पसरत जाणारे काढते. मागच्या रविवारी तासभर हातवारे चालले होते. दोन्ही वह्यांत खोडून खोडून कागद पातळ झालाय. अजून ठरलेलं नाही.